हत्तीला दोन रुपये

हत्तीला दोन रुपये. उंटाला, म्हशीला आठ आणे. घोडा, तट्टू, खेचर, बैल, गाय, कालवड यांना चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर दोन आणे. मेंढी, शेळी, करडू एक आणा.

हा गुरांच्या बाजारातला भाव नाही. कलकत्त्याला बसलेल्या सरकारनं १८७१ सालचा पहिलाच कायदा म्हणून जो मंजूर केला, त्याच्या बाराव्या कलमातला हा दंडाचा तक्ता. मराठी मुलखात त्याला कोंडवाड्याचा कायदा म्हणतात. आमचं बुऱ्हाणपूर पडलं मध्य प्रदेशात, त्यामुळे कोर्टात तो ‘पशु अतिचार अधिनियम’ आणि गल्लीत ‘कांजीहौसचा कायदा’. मी जन्मभर वकिलांच्या दफ्तरात मुन्शीगिरी केली. फाइली बांधल्या, तारखा लिहिल्या, स्टॅम्प चिकटवले. हा तक्ता मला पाठ आहे, कारण आमचे वकीलसाहेब कंटाळले की समोर बसलेल्या अशिलाला विचारायचे, “बोल, हत्ती सोडवायला किती लागतील?” अशील बिचारा जमिनीच्या वाटणीच्या काळजीत असायचा. तो गोंधळून माझ्याकडे बघायचा. मी दोन बोटं वर करायचो.

प्रश्न आमच्या गावात अगदीच गैरलागू नव्हता. राजघाटाच्या पायऱ्या उतरून तापीच्या पात्राकडे पाहिलं की पाण्यात दगडी हत्ती दिसतो. पावसाळ्यात तो बुडाला की गावाला कळतं, आता नदीचं काही खरं नाही. हा हत्ती जुना आहे. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून आग्र्याकडे जाताना इथून गेला, तेव्हा त्यानं तो किल्ल्याच्या बाजूला नदीत पाहिला आणि लिहूनही ठेवला. हत्ती इतका हुबेहूब, की एकदा पाणी प्यायला आलेल्या खऱ्या हत्तीनं त्याच्यावर धाव घेतली आणि स्वतःचे दोन्ही दात मोडून घेतले, असं फिंचला लोकांनी सांगितलं. दगडी हत्तीच्या कपाळाला तांबडा रंग लावून लोक त्याची पूजा करतात, हेही तो सांगतो. सार्वजनिक जागेत चारशे वर्षांहून जास्त काळ कुणी मालक पुढे न आलेला हत्ती! १८७१ च्या तक्त्यानं त्याचे दोन रुपये कुणाकडे मागायचे?

आपल्या जुन्या धर्मशास्त्रानं मात्र हत्तीला सोडून दिलं होतं. पिकात घुसलेल्या जनावरांचा दंड याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. म्हशीला आठ माष, गाईला त्याच्या निम्मे, शेळी-मेंढीला त्याच्याही निम्मे. आता वरचा इंग्रजी तक्ता पुन्हा पाहा: म्हैस आठ, गाय चार. शेळीपाशी तेवढा फरक पडतो. कुणी कुणाची नक्कल केली असं मी म्हणत नाही. म्हैस गाईच्या दुप्पट खाते, हे कळायला स्मृतिकारही व्हावं लागत नाही आणि कलकत्त्यालाही बसावं लागत नाही. पण याच स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेत उशनसाचं एक वचन घेतलं आहे: हत्ती आणि घोडे दंडाला पात्र नाहीत, कारण ते प्रजेचं रक्षण करणारे. म्हणजे राजाचं जनावर माफ, रयतेचं जनावर दंडाला. इंग्रजानं निदान कागदावर तरी हत्तीला रांगेत उभं केलं.

हे सगळं पुन्हा डोक्यात यायला कारण झालं सिडनीजवळचं पॅरामाटा. माझी लेक तिथं राहते. तिच्या घरामागून एक ओढा जातो, आणि त्या ओढ्यात, बदकांच्या शेजारी, दुकानातली सामान ढकलायची ट्रॉली आडवी पडलेली होती. पुढच्या वळणावर दुसरी. बसथांब्यापाशी तिसरी, आत कुणाचा तरी अर्धा खाल्लेला पाव. माणसं दुकानातून सामान घरापर्यंत ट्रॉलीनं आणतात आणि परत न्यायचा कंटाळा करतात, असं लेक म्हणाली. मी विचारलं, “मग हिचं करतात काय?” तिला ठाऊक नव्हतं. जावयाला ठाऊक नव्हतं. मुन्शीचा स्वभाव; मी कायदा काढायला लावला.

न्यू साउथ वेल्स राज्यात १९९३ पासून जप्तीचा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये नवा केला आणि तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. सार्वजनिक जागेत मालकाविना पडलेल्या मालमत्तेचा कायदा, असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. त्यात नाना प्रकारची लक्तरं एका दोरीवर वाळत घातली आहेत: मोकाट जनावरं, सोडून दिलेल्या मोटारी, दुकानांच्या ट्रॉल्या वगैरे. मी हसलो. लेकीला वाटलं, म्हाताऱ्याला काय झालं. मला झालं होतं एवढंच, की जगातल्या एका श्रीमंत शहरात, स्टीलच्या चार चाकी जाळीला, कायद्यानं गाईच्या शेजारी बांधलं होतं. हा आमचा कांजीहौसच.

गावाच्या रस्त्यावर जे येतं त्याचं काय करायचं, हा प्रश्न बुऱ्हाणपूरला नवा नव्हता. शहर वसवलं फारुकी सुलतानांनी, चौदाशे सालाच्या आगेमागे. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि ते अकबराकडे आलं. मग सव्वाशे वर्षं हे मोगलांच्या दख्खनचं दार होतं. सुरतेचं बंदर एका अंगाला, आग्रा दुसऱ्या अंगाला, मध्ये आम्ही. इथली मलमल इराण, तुर्कस्थान, कैरो, पार पोलंडपर्यंत जाते असं ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं लिहिलं आहे. शहर बरंच पडीक आहे, घरं बहुतेक गवतानं शाकारलेली आहेत, हेही त्यानंच लिहिलं. आमचे लोक पहिलं वाक्य सांगतात, दुसरं गिळतात.

माल जायचा बैलाच्या पाठीवर. बंजाऱ्यांचे तांडे दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे असत. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर गाड्यांनी बाजूला थांबायचं, आणि सगळा तांडा सरकेपर्यंत कधीकधी दोन-तीन दिवस जात, हे ताव्हेर्नियेचंच म्हणणं. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या दुष्काळात सुरत–बुऱ्हाणपूर–आग्रा असा गेला. रस्त्याच्या कडेला प्रेतं आणि रस्त्यावर धान्य लादलेल्या बैलांचा तांडा, असं त्यानं पाहिलं. धान्य चाललं होतं बुऱ्हाणपुरातल्या शहाजहानच्या छावणीसाठी. शहराबाहेर माणसं भुकेनं मरत होती आणि शहराच्या रस्त्यावर बैलांना जागा नव्हती.

त्या काळी हे सांभाळायचं काम कोतवालाचं. आइन-ए-अकबरीत कोतवालाची कामं सांगितली आहेत, त्यात गल्ल्या मोकळ्या ठेवणं आहे, त्यांच्या तोंडाशी अडसर घालणं आहे आणि ज्याला वारस नाही त्याच्या मालमत्तेची यादी करणंही आहे. रस्ता आणि बेवारस माल या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातात होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आजही त्या एकाच खात्याच्या हातात असतात.

एक गोष्ट मात्र आमच्या गावानं फार बारकाईनं पाहिली आहे: ठेवलेलं आणि टाकलेलं यातला फरक. जून १६३१ मध्ये मुमताजमहल इथं वारली. राजघाटावरून पलीकडे पाहिलं तर जैनाबाद. तिथल्या बागेत तिला ठेवलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात काढून आग्र्याला नेलं. मधले सहा महिने तो देह इथं अमानत होता. बाग ओस पडली, इमारत ढासळली, पण ती जागा टाकलेली आहे असं गावात कुणी म्हणत नाही. वस्तू एकटी दिसली म्हणजे तिचा धनी नाही असं होत नाही. कायद्याची सगळी मेख इथंच आहे, आणि ट्रॉलीपर्यंत पोचताना ती पुन्हा लागेल.

मधला इतिहास भरभर सांगतो. १७३१ मध्ये निजामानं गावाला कोट घातला, वेशी बसवल्या. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर शहर पेशव्यांकडे आलं, मग शिंद्यांकडे. आमच्यासारख्या मराठी घरांची पाळंमुळं बरीचशी त्या दिवसांतली. १८६० च्या सुमाराला शिंद्यांकडून इंग्रजांनी ते कायमचं घेतलं. १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता रेल्वे सलग झाली आणि तांडे संपले. बैल मात्र उरले. आणि पुढच्याच वर्षी तो कायदा आला.

तसा पहिला कायदा १८५७ चा. त्या वर्षी दिल्ली–कानपुरात काय चाललं होतं ते सर्वांना माहीत आहे. त्याच वर्षी सरकारला गुरांच्या घुसखोरीचाही बंदोबस्त करावासा वाटला, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत कुणी घेत नाही. विलायतेत गावोगाव दगडी कुंपणाचा कोंडवाडा असे. कुणाच्या शेतात गाय शिरली तर शेतकऱ्यानं ती धरून तिथं घालायची. तीच रीत आणून १८७१ मध्ये नीट बांधून दिली.

वकीलसाहेबांकडे या कायद्याची तांबूस पुठ्ठ्याची प्रत होती. मी ती इतक्यांदा वाचली की काही कलमं मला आवडायला लागली. म्हणून जरा रेंगाळतो.

पीक खाणारं जनावर शेतमालकानं धरायचं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. सार्वजनिक रस्त्याचं, कालव्याचं, बंधाऱ्याचं नुकसान करणारं जनावर पोलिसांनी किंवा त्या कामाच्या अधिकाऱ्यानं धरायचं. कोंडवाडेवाल्यानं वहीत नोंद करायची: जनावरं किती, कशी, कोणत्या दिवशी, किती वाजता आली, कुणी आणली, मालक कोण. आणि त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यायची. जनावराला चारा-पाणी द्यायचं. त्याचे दर मॅजिस्ट्रेटनं ठरवायचे आणि लोकांना दिसतील असे लावायचे. मालक आला, दंड आणि चाऱ्याचा खर्च भरला, की जनावर त्याचं. ‘माझं जनावर खोटं धरलंय’ असं त्याला म्हणायचं असेल तर पैसे अनामत ठेवून जनावर आधी घरी न्यायचं, भांडण मागाहून. खोट्या धरपकडीची तक्रार दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे करता येई आणि शंभर रुपयांपर्यंत भरपाई मिळू शके. १८७१ चे शंभर रुपये.

सात दिवसांत कुणी आलं नाही तर पोलीस ठाण्यात कळवायचं. ठाणेदारानं नोटीस लावायची आणि जिथं जनावर धरलं त्याच्या जवळच्या गावात आणि बाजारात दवंडी पिटायची. ढोल वाजवून, अमक्या रंगाची, अमक्या शिंगांची गाय तमक्या कोंडवाड्यात आहे हो. त्यानंतर आणखी सात दिवस. मग जाहीर लिलाव. लिलावाच्या पैशातून दंड आणि खर्च कापून उरलेली रक्कम मालकासाठी तीन महिने राखून ठेवायची, हिशेबासकट. आणि माझं सर्वांत लाडकं कलम, एकोणिसावं: कोंडवाडेवाल्यानं आणि या कायद्याखाली काम करणाऱ्या अधिकाऱ्यानं त्या लिलावात जनावर विकत घ्यायचं नाही, स्वतःही नाही आणि दुसऱ्याच्या नावानंही नाही. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला कचेऱ्या माहीत होत्या.

कागद आणि कोंडवाडा यांत अंतर असे, हे सांगायला मुन्शी लागत नाही. प्रेमचंदांची ‘दो बैलों की कथा’ आमच्याकडची पोरं शाळेत वाचतात. हिरा आणि मोती कांजीहौसात उपाशी पडतात आणि शेवटी लिलावात जातात. चारा-पाण्याचं कलम १८७१ पासून होतं, गोष्ट साठ वर्षांनंतरची. कोंडवाडा बहुधा ठेक्यानं दिला जाई, आणि ठेकेदाराचं पोट भरायचं तर जनावरं मोकाट सुटायलाच हवीत. नाही सुटली तर रात्री कुणाच्या तरी गोठ्याची कडी निघायची, असं आमचे अशील सांगायचे. शेजाऱ्याशी वैर असलं की त्याची म्हैस कोंडवाड्यात घालणं हा गावातला सगळ्यांत स्वस्त दावा.

जंगलाच्या बाजूनं तर कायदा सरळ अंगावर आला. बुऱ्हाणपूरभोवती सातपुडा आहे. १९२७ च्या जंगल कायद्यानं हाच तक्ता राखीव जंगलाला लावला आणि दर इथपर्यंत चढवायची मुभा दिली: हत्ती दहा रुपये, म्हैस-उंट दोन रुपये, गाय-बैल एक रुपया, आणि वासरू, गाढव, डुक्कर, शेळी सगळ्यांना आठ आणे. हत्ती पाचपट. गाय चौपट. शेळी मात्र आठपट. ज्याच्याकडे फक्त शेळी आहे त्याच्याकडून सगळ्यांत जास्त वाढ घ्यायची, हे गणित कुणाच्या डोक्यातून आलं ते मला अजून उमगलेलं नाही. जिथं आजोबांनी गुरं चारली तिथं नातवाचं जनावर एकाएकी अतिक्रमण करणारं ठरलं. १९३० मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात जंगल सत्याग्रह झाला, लोकनायक अण्यांनी पुसदला गवत कापून अटक करून घेतली, त्यामागे असला सगळा हिशेब साचलेला होता.

आता ट्रॉली. ती जन्मली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहरात, १९३७ च्या जूनमध्ये. सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं, की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. त्यानं घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेतली, खुर्चीला चाकं लावली, वर दोन टोपल्या ठेवल्या. लोक घ्यायला तयार होईनात. बायांना ती बाबागाडीसारखी वाटे, पुरुषांना वाटे आपल्या हातात काय जोर नाही? मग गोल्डमननं पगारी माणसं ठेवून त्यांना गिऱ्हाईक म्हणून ट्रॉल्या ढकलत फिरवलं. पुढे १९४६ च्या सुमाराला कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसननं एकीत एक शिरणारी ट्रॉली काढली, आणि दुकानाच्या दारात शंभर ट्रॉल्या मावायला लागल्या. मोटारी आल्या, दुकानं गावाबाहेर गेली, आणि ज्यांच्याकडे मोटार नाही ते ट्रॉलीच घरापर्यंत न्यायला लागले.

मग प्रत्येक देशाला आपापला कांजीहौस सुचला. ब्रिटननं १९९० च्या पर्यावरण कायद्यात बेवारस ट्रॉल्यांसाठी वेगळं परिशिष्ट घातलं: नगरपालिकेनं ट्रॉली उचलायची, मालकाला कळवायचं, सहा आठवडे सांभाळायची, मग विकायची. कॅलिफोर्नियात ट्रॉलीवर मालकाचं नाव-पत्ता लावलेला असावा लागतो, डागणीच म्हणा. शहरानं ती उचलून कंपनीला कळवलं की तीन कामाचे दिवस फुकट. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा कंपनी कसूर करील तर दर वेळी पन्नास डॉलरपर्यंत दंड. तीस दिवसांत नेली नाही तर शहर ती विकू शकतं. युरोपात नाणं घातल्याशिवाय न सुटणारं कुलूप लावतात. एका नाण्यासाठी माणूस ट्रॉली परत आणतो, जी तो सद्‌बुद्धीनं आणत नव्हता. आपल्याकडे हा प्रश्न फारसा उठलाच नाही. मॉलच्या दारात पहारेकरी उभा असतो, आणि ट्रॉली घेऊन तुम्ही रस्त्यावर आलातच तर फुटपाथ कुठं आहे ढकलायला?

या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट सारखी आहे. ट्रॉली सोडून जातो गिऱ्हाईक, पण जाब विचारला जातो कंपनीला, आणि कंपनीला जाब विचारताना कायदा फार अदबीनं वागतो. कळवतो, थांबतो, सांभाळतो, पुन्हा कळवतो. मला त्यात वावगं दिसत नाही. मला एवढंच आठवतं, की आमच्या दफ्तरात याहून अगदी वेगळी गाडी आली होती.

गाडी नव्हती आली. गाडीवाला आला होता. केळी विकणारा, पंचविशीतला. आमचा जिल्हा केळीचा. तो मात्र दुसऱ्या एका शहरात धंदा करायचा, त्याचं नाव राहू दे. दारात उभा राहून म्हणाला, “भाऊ, गाडी नेली.” अतिक्रमण पथकाचा ट्रक आला, तो लघवीला गेला होता, परत आला तर हातगाडी ट्रकवर. ‘बेवारस होती’ असं त्याला सांगितलं गेलं. वर तीन-चार डझनांचे घड होते, तराजू होता, छत्री होती, गल्ल्यात सकाळचे पैसे होते. पावती? नाही. यादी? नाही. गाडी कुठं ठेवलीय हे कळायलाच त्याला चार कचेऱ्या फिराव्या लागल्या. वकीलसाहेबांनी अर्ज लिहिला, मी टाइप केला. गाडी मिळाली तेव्हा एक चाक नव्हतं आणि केळ्यांबद्दल कुणी बोलायला तयार नव्हतं. दंड भरला, चाक विकत आणलं. गल्ल्यातल्या पैशांची नोंद नव्हती, म्हणजे ते कधी नव्हतेच.

त्या संध्याकाळी मी तांबूस पुठ्ठ्याची प्रत काढून वाचत बसलो. वासराला पकडलं तर वहीत नोंद आहे. केळीवाल्याची गाडी पकडली तर नाही. वासरासाठी ढोल वाजतो. वासरू ज्यानं कोंडलं त्याला ते विकत घेता येत नाही.

कायद्याचा हा भाग शहरांनी कसा गमावला त्याला इतिहास आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात ३१४ वं कलम आहे: रस्त्यावर परवानगीविना मांडलेली, विकायला ठेवलेली वस्तू आयुक्तांना नोटीस न देता हटवता येते. गुरांच्या कायद्यानंतर सतरा वर्षांनी आलेलं हे कलम. गुराला चौदा दिवस, गाडीला एक मिनिटही नाही. यावर शंभर वर्षं कुणाला फारसं काही वाटलं नाही. १९८५ मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियनचा खटला सर्वोच्च न्यायालयात लागला आणि फेरीवाल्यांसाठी जागा ठरवून देण्याची गोष्ट निघाली. १९८९ मध्ये सोदानसिंग खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की रस्त्यावर धंदा करणं हा घटनेनं दिलेला हक्क आहे, बंधनं वाजवी असली पाहिजेत. आणि २०१४ मध्ये संसदेनं फेरीवाल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यातलं एकोणिसावं कलम वाचून मी चमकलो. आकडाही तोच! जप्त केलेल्या मालाची यादी करायची आणि सहीची प्रत फेरीवाल्याला द्यायची. मागणी केल्यावर नाशिवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा. कोंडवाड्याच्या वहीला केळीच्या गाडीपर्यंत पोचायला एकशे त्रेचाळीस वर्षं लागली.

अमेरिकेतही हा गुंता झाला. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात बेघर माणसं आपला संसार चाकांच्या गाड्यांत ठेवून जेवायला, अंघोळीला जात. तेवढ्यात शहराची माणसं येऊन तो उचलत आणि तिथंच नष्ट करत. शहर म्हणे, वस्तू सोडून दिलेली होती. २०१२ मध्ये लवान विरुद्ध लॉस एंजेलिस या खटल्यात तिथल्या अपील कोर्टानं सांगितलं, की माणूस क्षणभर बाजूला गेला म्हणून त्याची वस्तू बेवारस होत नाही, आणि नोटीस दिल्याविना ती उचलून नष्ट करता येत नाही. त्याच राज्यात दुकानाच्या रिकाम्या ट्रॉलीसाठी कंपनीला तीन दिवस आणि तीस दिवस मिळतात. भरल्या गाडीच्या धन्याला कोर्टापर्यंत जावं लागलं.

माझं म्हणणं साधं आहे. इंग्रजांचा तो कायदा गोरगरिबांच्या कळवळ्यानं केलेला नव्हता. जंगलात त्यानं काय केलं ते वर सांगितलंच. पण रस्त्यावर सापडलेली वस्तू कुणाची तरी असणार, असं तो धरून चालला. म्हणून नोंद, म्हणून दवंडी, म्हणून उरलेल्या पैशाचा हिशेब. आजची पथकं उलटं धरून चालतात: समोर धनी दिसला नाही की वस्तू बेवारस, आणि धनी गरीब असेल तर तो समोर असूनही.

राजघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजही हातगाड्या उभ्या असतात. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीचा जन्मोत्सव असतो, तेव्हा फुलांच्या, नारळाच्या, कचोरीच्या गाड्यांनी रस्ता भरतो. गर्दी हटवायला हवी, मान्य आहे. कोतवालाच्या काळापासून हटवत आलेत. गाडीवाल्या भावाबहिणींना एका जुन्या मुन्शीचं सांगणं एवढंच. फेरीवाल्याचं प्रमाणपत्र काढून ठेवा, त्याची एक प्रत घरी आणि एक गल्ल्यात. ट्रक आला तर हातापायी करू नका. २०१४ च्या कायद्याचं एकोणिसावं कलम म्हणा, आणि जप्तीची यादी सहीसकट मागा. तराजू, छत्री, चाकं, घड, सगळं तीत लिहून घ्या. चाकं चार असतील तर चार असं लिहून घ्या. केळी असतील तर त्याच दिवशी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.